कावळा तुम्हीच अडवला होता का, नाना?

नाना, आधी मला एक सांगा. दहाव्याला तो कावळा तुम्हीच अडवून धरला होतात ना?

खरं काय ते सांगा, कारण घरात अजून यावरच गाडी अडलीय. परवा तेरावं झालं. पाहुणे गेले, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, उरलेले लाडू आजीनं खालच्या गार्डला दिले. पण काका आणि बाबा जेवायला बसले की फिरून तिथंच येतात. काका म्हणतो, नानांच्या मनात काहीतरी राहिलं होतं. बाबा म्हणतो, नाना मस्करी करत होते. दोघं तुमचेच मुलगे, दोघांनी तुम्हाला जन्मभर पाहिलेलं, आणि तुम्ही कधी मनापासून बोलायचात नि कधी थट्टेनं, हे दोघांनाही सांगता येत नाही. मग सगळे माझ्याकडे बघतात. मुग्धा नातवंडांतली लाडकी, तिला माहीत असणार. मला कप्पाळ माहीत असणार. मीच तुम्हाला विचारायला बसलेय.

तुम्हीच म्हणाला होतात. जानेवारीत, गच्चीवर उन्हात संत्री सोलत बसलो होतो तेव्हा. "माझ्या दहाव्याला मी कावळा लवकर पाठवणार नाही. बसा म्हणावं सगळे उन्हात. जन्मभर मला घाई केलीत. नाना आवरा, नाना बस चुकेल, नाना आता पुरे. एक दिवस तरी माझ्या वेळेनं होऊ दे." आजी म्हणाली, "अभद्र बोलू नका. संत्रं खा." आणि तुम्ही संत्र्याची साल माझ्या डोळ्यांपुढे पिळलीत, मी ओरडले, विषय संपला. तुमचे सगळे विषय असेच संपायचे. काहीतरी मोठं बोलायचं आणि ते समोरच्याला पोचायच्या आत त्याला हसवायचं. आता तुम्ही नाही, तर त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते कळत नाही.

तुमच्या नावापासूनच घोळ. आपल्या घरात बाबाच्या वडिलांना नाना म्हणण्यात कुणाला काही वाटत नव्हतं, पण इथं दिल्लीत, मयूर विहारात, नाना म्हणजे आईचे वडील. तेव्हा आम्ही तुमच्याकडेच राहायचो, नोएडाला नंतर गेलो. खालच्या मजल्यावरच्या आंटी कितीतरी वर्षं समजत होत्या की माझी आई तुमची लेक आणि बाबा घरजावई. बिचारा बाबा जिन्यात भेटला की त्या त्याच्याकडे जरा दयेनं बघायच्या. एका दिवाळीला त्याला म्हणाल्या, "आपके ससुर जी तो आपको बिल्कुल बेटे जैसा मानते हैं।" बाबानं वर येऊन थयथयाट केला. तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, "मग मानतोच की." तुम्हाला तो घोळ पहिल्यापासून माहीत होता हे नंतर उघड झालं. दुरुस्त करायचं सोडून तुम्ही आंटींच्या देखत आईला म्हणायचात, "बेटा, मायके में तो आराम किया करो।" आणि गंमत म्हणजे आई खरंच आराम करायला लागली. ऑफिसमधून आली की सरळ पाय वर घेऊन चहा मागायची, आणि तुम्ही तो करायचात. आई परवा रडत म्हणाली की हे घर मला कधी सासर वाटलंच नाही. हे तुम्ही ठरवून केलंत की चेष्टा करता करता होऊन गेलं? विचारायचं राहिलं.

तसंच त्या खिचडीचं. शनिवारी तुम्ही मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात न्यायचात. पोरीच्या कानावर मराठी पडलं पाहिजे, हे सांगायचं कारण. खरं कारण तिथल्या कँटीनमधली साबुदाण्याची खिचडी, असं आजीचं मत. महाराष्ट्रातून कामासाठी आलेली माणसं तिथं फायली मांडीवर घेऊन, मफलर गुंडाळून बसलेली असायची. तुम्ही त्यातला बरोब्बर एकटा बसलेला माणूस हेरायचात. कुठले आपण? तो म्हणायचा, लातूरचा. "अरे वा, मीही लातूरचाच." पुढच्या शनिवारी तुम्ही जळगावचे. त्याच्या पुढच्या शनिवारी सावंतवाडीचे. मी मान खाली घालून खिचडी खायचे, कारण मला वाटायचं आता पकडले जाणार. लातूरच्या त्या काकांनी तर विचारलंच, लातुरात कुठं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मारुतीच्या देवळामागं." आता मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नसतं? पण ते काका इतके खूश झाले की मुलीचं लग्न, भावाशी वाटणी, मंत्रालयात अडलेलं काम, सगळं तुमच्यापुढे मोकळं केलं आणि निघताना तुमचे हात हातात धरून उभे राहिले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "नाना, लातूर पाहिलंय का तुम्ही?"

"नाही."

"मग खोटं का बोललात?"

"त्यांना किती बरं वाटलं, बघितलंस ना?"

"पण मग तुम्ही खरे कुठले?" मला माहीत होतं कराडचे, पण तरी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "भूक लागली ग." आत्ताच तर दोन प्लेट खिचडी झाली होती.

आणि आपलं भांडण. ते तर आहे तसंच पडलंय. काका दर वर्षी पुण्याहून फोन करून म्हणायचा, नाना, आता इकडे या, इथून कराड किती लांब आहे? आणि तुम्ही दर वर्षी म्हणायचात, "पुढच्या हिवाळ्यात बघू." आजी सांगते, नोकरीत होतात तेव्हाही हेच म्हणायचात, आणि हा फ्लॅट घेतलात तेव्हाही. मी म्हणायचे, नाना, मान्य करा, तुम्ही दिल्लीचे झालात. यार, तुम्ही झोपेत बडबडता ती हिंदीत. त्यावर तुम्ही कृष्णाकाठच्या वांग्यांचं सुरू करायचात, नदीवरच्या पोहण्याचं, घाटावरच्या मित्रांचं. बरं, मग जा ना, असं मी म्हटलं रे म्हटलं की तुमची बाजू पालटलीच. "तिथं आता माझं कोण आहे? इथं भाजीवाला मला न विचारता मटार मोजतो." मी जी बाजू घेईन तिच्या समोरची तुमची. मी चिडून उशी फेकायचे आणि तुम्ही ती पाठीशी घेऊन आरामात टेकायचात.

शेवटच्या रविवारीही हेच चाललं होतं. मला नोएडाची मेट्रो पकडायची होती, चपला घालून झाल्या होत्या. तुम्ही दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "थांब. माझा पुढचा मुद्दा फार जोरदार आहे. तुझं तोंडच बंद होईल." मी म्हटलं, सांगा मग. "असा फुकट नाही. पुढच्या रविवारी. खिचडी घेऊन ये." मधेच एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. रविवारी घर माणसांनी भरलं होतं, आणि मी त्या सगळ्यांत बसून एकच विचार करत होते की मुद्दा काय होता.

आता तो मुद्दा मला पाहिजेच आहे, नाना. नुसती हौस म्हणून नाही. तुम्हाला पोचवून आलो त्याच रात्री काका म्हणाला, नानांचा जीव कराडात होता, ते आईसाठी आणि आपल्यासाठी इथं राहिले. तेव्हा आईला मी पुण्याला नेतो, हा फ्लॅट विकून टाकू. बाबा म्हणाला, काहीतरीच काय, नाना इथंच रमले होते. आई आमच्याकडे नोएडाला येईल, फ्लॅट कुलूप लावून ठेवू. दोघांचे आवाज चढले. आजी आतल्या खोलीत होती. मला सरळ विचाराल तर मला आजी पुण्याला जायला नकोय. तुम्ही गेलात, आता तीही गेली तर मी रविवारी कुठं जायचं? पण तुम्हाला खरंच परत जायचं असेल आणि ते तुम्ही जन्मभर हसण्यावारी नेलं असेल, तर आजीला तरी अडवायचा मला काय हक्क आहे? या दोन्हींच्या मधे मी लटकलेय. शेवटी काकाच म्हणाला, दहाव्याला बघू. कावळा सांगेल.

आणि दहाव्याला काय तमाशा झाला तो तुम्ही पाहिलातच, म्हणजे पाहिलात असं मी धरून चाललेय.

बायकांनी घाटावर यायचं नसतं, असं काका म्हणाला. आजीनं नेसूचं नीट केलं आणि ती गाडीत जाऊन बसली. यमुनेवर ऊन असं की फरशीवर पाय ठरेना. गुरुजींनी सगळं केलं, पिंड मांडले, आम्ही मागं सरकलो, आजीला घडीच्या खुर्चीवर बसवलं. आणि वाट बघत बसलो. कबुतरं आली. साळुंक्या आल्या. वर घारी फिरत होत्या. एक कुत्रा थेट पिंडापाशी आला, त्याच्यामागं काका सोवळ्यात धावला आणि बाबाला अशा प्रसंगी हसू आलं. घाटावर झाडलोट करणाऱ्या माणसानं विचारलं, "किसका इंतजार है, भाई साहब?" बाबा म्हणाला, "कौवे का।" तो म्हणाला, "कौवा यहाँ कहाँ? उधर ढाबे के पीछे मिलेगा।" बाबानं त्याला समजावलं की आमच्यात असं असतं, कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजतात, मग ती पुरी करू म्हणून वचन द्यावं लागतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "और बाबूजी की इच्छा क्या थी?"

मग एक आला. पत्र्याच्या शेडवर बसला, मान तिरकी करून आमच्याकडे बघायला लागला. काका पटकन पुढं झाला, हात जोडले. "नाना, आईला मी पुण्याला नेतो. कराडला घर बांधतो, तुमच्या नावानं." कावळा खाली उतरला. खरंच उतरला, नाना, दोन उड्या मारत पिंडाकडे आला. आणि मग तो थांबला, आणि वळून परत शेडवर. आता बाबा पुढं झाला. "नाना, आई इथंच राहील. आमच्याजवळ. फ्लॅट विकणार नाही." कावळ्यानं चोच पत्र्यावर घासली आणि दुसरीकडे तोंड केलं. काका मला म्हणाला, "तू बोल. तुझ्याशी ते सगळं बोलायचे." मी पुढं गेले. वचन काय द्यायचं ते सुचेना. तोंडून निघालं, "नाना, तो मुद्दा काय होता?" गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की दिल्लीत वाढलेल्या पोरींचं काही खरं नाही.

कावळा जागचा हलला नाही. मला सारखं वाटत होतं की तुम्ही वर कुठंतरी बसून हसताय, आणि त्याच वेळी वाटत होतं की तुम्हाला काहीतरी हवंय, आणि आम्हाला कुणाला ते ओळखता येत नाही. दोन्ही एकदम वाटत होतं. मी रडत होते का वैतागले होते तेही सांगता येणार नाही. गुरुजी म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे." त्यांनी दर्भ हातात घेतला.

"थांबा," आजी म्हणाली.

इथं मला जरा मागं जायला पाहिजे. तुमची ती रोजची सकाळ. नाश्त्याआधी अर्धी पोळी घेऊन बाल्कनीत जायचं. आधी कबुतरं यायची, त्यांना हाकलायचं. "तुमचा अर्ज मिळाला, विचाराधीन आहे." मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून "काव, काव". इतकं हुबेहूब की कावळा तर यायचाच, पण समोरच्या ब्लॉकमधले लोक सोसायटीकडे तक्रारी घेऊन जायचे. आजी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घ्यायची. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ती, घरात साधी शिट्टी कुणी वाजवलेली तिला चालत नसे. "शोभतं का हे या वयात?" हे तिचं रोजचं. त्या कावळ्याकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही, असं आपण समजायचो.

तर ती आजी खुर्चीतून उठली. पदर खोचला, पिंडापासून थोडी अलीकडे जाऊन उभी राहिली, आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरले. अगदी तुम्ही धरायचात तसे. पहिला आवाज खोकल्यासारखा आला. काका म्हणाला, "आई, अगं..." तिनं लक्ष दिलं नाही. घसा साफ केला आणि पुन्हा केलं. काव. काव.

तुमचा होता तो आवाज, नाना. बायकी झालेला, थोडा चिरका, पण चाल तीच, शेवटी वर नेऊन सोडायची ती लकबसुद्धा. कावळा शेडवरून सरळ खाली आला, पिंडाला शिवला, घास उचलला आणि निघून गेला. बाबा मोठ्यानं हसला आणि हसता हसता खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. झाडलोट करणारा माणूस झाडू टेकवून हात जोडून उभा होता. आजी येऊन पुन्हा खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, पाणी दे.

परतताना गाडी यमुनेच्या पुलावर आली तसा काकानं विषय काढलाच. "पण मग तो शिवला कशावर? माझ्या वचनावर खाली उतरला होता, सगळ्यांनी पाहिलंय." बाबा म्हणाला, "उतरला आणि परत गेला. माझ्या वेळी तो विचार करत होता." दोघं शाळेतल्या पोरांसारखे भांडायला लागले. आजी खिडकीबाहेर बघत होती.

"कुणाच्याच वचनावर नाही," ती म्हणाली. "भूक लागली होती त्याला."

मग ती म्हणाली, "त्यांना काय हवं होतं हे तुम्ही कावळ्याला विचारलंत. गुरुजींना विचारलंत. त्या झाडूवाल्यापुढेसुद्धा चर्चा केलीत. मला काय हवंय हे विचारलंत का कुणी?"

ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. मला माझीच लाज वाटली, कारण मीही तुमच्याच मागं लागले होते. काका हळूच म्हणाला, "सांग ना आई. पुण्याला येतेस का? की नोएडाला?"

आजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात बघू."

आणि नाना, ती हसत होती की नव्हती, मला कळलं नाही. मी शेजारीच बसले होते, तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, तरी कळलं नाही. तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहून ती तशीच झालीय, की पहिल्यापासून तशीच होती आणि तुमच्या आवाजात आम्हाला ती ऐकू आली नाही? हा एक नवाच घोळ तुम्ही माझ्या गळ्यात घालून गेलात. पण खरं सांगू, तेवढ्यानं मला बरंही वाटलं. तुमचं कोडं सुटणार नाही, पण हे दुसरं अजून घरात आहे, चहा पितंय, मला ओरडतंय.

काका आज दुपारच्या विमानानं एकटाच परत जाणार आहे. मी काही दिवस इथं आजीजवळच राहतेय, इथूनच ऑफिसला जाते. आज सकाळी उठले तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आजी बाल्कनीत उभी होती, हातात अर्धी पोळी. कठड्यावर तुमचा तो कावळा. तुम्ही गेल्यापासून पोळी कुणी ठेवली नव्हती, तरी रोज येऊन बसत होता म्हणे, आजीनंच सांगितलं. मी दाराआड थांबले. तिला मी दिसत नव्हते.

तिनं पोळीचे तुकडे केले, एकेक कठड्यावर मांडला, आणि त्याला म्हणाली, "ते नाहीत आता. मी आहे. आवाज जरा वेगळा येईल. चालवून घे."